बरं आहे, काका

लेस्टर, १६ एप्रिल

ईशिता बेटा, जय भीम.

जयंती होऊन दोन दिवस झाले आणि काकाचं पत्र कसं नाही, असं तुला वाटलं असेल. घरात पाहुणी आहे, म्हणून उशीर झाला.

तुझी काकू गेल्यापासून वरची खोली बंदच होती. आमच्या रस्त्याच्या टोकाला टेनिस क्लब आहे ना, त्यांनी पत्रक टाकलं होतं: बाहेरदेशाहून येणाऱ्या खेळाडूंना कुणी महिनाभर घरी ठेवून घेईल का? मी हो म्हणून बसलो. मला वाटलं, एखादा ताडमाड पोरगा येईल आणि माझा फ्रिज रिकामा करून जाईल. आली ती थायलंडची मुलगी. नाव रुंगनापा, घरचे 'फा' म्हणतात. वय अठ्ठावीस, म्हणजे तुझ्याच बरोबरीची, पण तुझ्यापेक्षा कमी बोलणारी.

तिची आई समुद्रकाठच्या एका हॉटेलात चादरी धुते. त्या धुलाईघराच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत ही शिकली. चौदाव्या वर्षी बँकॉकला गेली, विसाव्या वर्षी जगात एकशे सत्तरावी होती. मग खांदा गेला, दोन वर्षं वाया गेली. आज नंबर दोनशे एकेचाळीस. मी म्हटलं, केवढी मोठी गोष्ट आहे! तर म्हणाली, "काका, पहिल्या शंभर जणींना जग ओळखतं, दुसऱ्या शंभर जणींना त्यांचा देश ओळखतो. आम्हाला विमानतळावरचे लोक ओळखतात." ना कोच, ना कुणी सोबत. एकटीच पाठीवर बॅग टाकून गावोगाव फिरते.

तिला विंबल्डनच्या पात्रता फेरीत जायचं आहे. आजवर दोनदा थोडक्यात हुकलं. मेअखेरच्या यादीत साधारण सव्वादोनशेच्या आत यायला हवं, आणि त्यातच गेल्या वर्षी मिळवलेले पॉइंट वर्ष झालं की आपोआप गळून पडतात. म्हणजे वर चढायचं तेही घसरत्या वाळूवरून. यंदा जमलं नाही तर आईच्या हॉटेलात पाहुण्यांना टेनिस शिकवायची नोकरी धरणार, असं ठरवून आली आहे.

आता मुद्द्याचं. तिचं उजवं मनगट दुखतं. सांगत नाही, पण टॉवेल पिळताना मी तिचा चेहरा पाहिला. विचारलं तर मीच शिकवलेलं मराठी मला ऐकवते: "बरं आहे, काका." तू फिजिओ आहेस, काय करावं ते कळव.

आणि हो, डाव्या मनगटाला भिक्खूंनी मंतरलेला पांढरा दोरा आहे, गळ्यात ताईत आहे. मी तिला तासभर समजावलं, की बुद्धानं दोरे बांधायला सांगितलं नाही, बाबासाहेबांनी आम्हाला प्रतिज्ञाच दिल्या आहेत, आपला धम्म बुद्धीचा आहे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं आहे, काका."

तुझा काका,
शशिधर


साउथहॅम्प्टन, १९ एप्रिल

प्रिय काका, जय भीम.

बिचारी! आल्या आल्या तासभर व्याख्यान? मी असते तर परतीचं विमान धरलं असतं.

मनगट करंगळीच्या बाजूनं दुखत असेल आणि हात फिरवताना कळ येत असेल, तर हे प्रकरण साधं नाही. तिथे एक लहानसा सांधा असतो, त्याच्या आतलं फाटलं तर बाहेरून काही दिसत नाही. खेळणं थांबवायला हवं आणि स्कॅन करायला हवा. पुढच्या रविवारी मला सुट्टी आहे. तिला इकडे घेऊन या, किंवा मी तिकडे येते. तोवर शेकू नका, चोळू नका, आणि तुमच्या डोक्यात येईल ते दुसरंही काही करू नका. मी तुम्हाला ओळखते.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, हिअरिंग एड घ्यायचं नाही, मोबाइल ड्रॉवरमध्ये. या देशात मी एकटीच असेन जी काकाला तिकीट चिकटवून सल्ला पाठवते. तिचा फोन नंबर तरी कळवा.

तुमची,
ईशिता


लेस्टर, २७ एप्रिल

ईशिता बेटा, जय भीम.

तू येऊ नकोस, आम्हीही येत नाही. दुखणं गेलं!

खरंच सांगतो. सोमवारपासून उतार पडत गेला. रोज सकाळी जिन्याखाली उभा राहून विचारतो, आणि वरून उत्तर येतं, "बरं आहे, काका." क्लबातल्या स्पर्धेत ती काल उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. चार मॅच मी घडीच्या खुर्चीवर बसून पाहिल्या. टाळ्या कधी वाजवायच्या ते अजून कळत नाही, एकदा तर तिच्या चुकीला वाजवल्या. नंबर आता दोनशे तेहतीसच्या आसपास येईल म्हणे.

तुमचं शास्त्र मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. पण घरचं खाणं, वेळेवर झोप आणि मायेचं माणूस यांचाही काही गुण असतोच. आपली भाकरी तिला फार आवडते. मध तर असा संपतोय, की आठवड्यात दोन बाटल्या आणल्या.

तिचा फोन नंबर विचारला होतास, पण आता गरज काय?

तुझा काका


साउथहॅम्प्टन, ३० एप्रिल

प्रिय काका,

भाकरीसोबत मध कोण खातं?

असलं दुखणं सहा दिवसांत जात नाही. आणि काकू गुडघ्यांसाठी काय घ्यायची आणि कशातून घ्यायची, ते मला चांगलं आठवतं. स्टीलच्या वाटीत, मधातून. तुम्ही तिला काय दिलंत? मला सरळ लिहा. रागावणार नाही.

ईशिता


लेस्टर, ३ मे

ईशिता बेटा, जय भीम.

तू पोलिसात जायला हवं होतंस.

होय, दिली. आपल्या वैद्यांची पुडी. काकूसाठी नागपूरहून मागवलेल्या शिल्लक होत्या, डब्यात अगदी कोरड्या ठेवलेल्या. चौदा दिवसांच्या चौदा. रोज सकाळी एक पुडी आणि वाटीत मध. ती नमस्कार करून वर घेऊन जाते. उद्या शेवटची. त्यात झाडपाल्याशिवाय काही नाही, वैद्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. काकू त्या पुड्यांवर दोन वर्षं चालती फिरती राहिली, तू पाहिलंस. तुला कळवलं असतं तर तू नाक मुरडलं असतंस, म्हणून लिहिलं नाही. एवढाच माझा गुन्हा.

आता चांगली बातमी. दुसऱ्या स्पर्धेत काल ती उपांत्यपूर्व सामना जिंकली, समोरची तिच्याहून शंभर नंबर वरची होती. बाहेर आली तर एक बाई थांबलेल्या, उत्तेजकांच्या तपासणीला न्यायला. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो. मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तसल्याच लघवीच्या बाटल्या तपासल्या, मला त्यात नवल नव्हतं. गेल्या आठवड्यात काय काय औषधं घेतली ते फॉर्मवर लिहायचं असतं म्हणे. मी विचारलं, काय लिहिलंस? म्हणाली, "काही नाही."

बरोबरच आहे. पुडी म्हणजे काही औषध नव्हे. नाही का?

तुझा काका


साउथहॅम्प्टन, ६ मे

काका,

काल बँक हॉलिडे, म्हणून तुमचं पत्र आज मिळालं. रागावणार नाही म्हटलं होतं, ते मी मागे घेते.

पुडी म्हणजे औषध नव्हे? तीस वर्षं लॅबमध्ये काढलेला माणूस हे लिहितो? अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असते. सगळ्यांत नाही, पण कशात आहे हे बघून कळत नाही. म्हणूनच तर दोन दिवसांत सांधे मोकळे होतात आणि लोक वैद्याच्या पाया पडतात. आमच्या वॉर्डात वर्षातून दोन-तीन पेशंट तरी येतात, चेहरा सुजून गोल झालेला, साखर वाढलेली, हाडं ठिसूळ. घरचे सांगतात, झाडपाला होता हो.

काकूचा चेहरा शेवटच्या वर्षी कसा झाला होता, आठवतं? आपण सगळे म्हणायचो, तब्येत सुधारली. मीही म्हणाले होते. तेव्हा मी कॉलेजात होते, मला कळायला हवं होतं.

स्पर्धा चालू असताना ते तिच्या लघवीत सापडलं तर बंदी येते. दोन वर्षं, कधी चार. 'एका काकांनी प्रेमानं दिलं' असं कुणी ऐकून घेत नाही, आणि फॉर्मवर 'काही नाही' लिहिलेलं असेल तर मुळीच नाही. आणि नाव पेपरात येतं ते कायमचं. मग हॉटेलातली नोकरीसुद्धा कुणी देणार नाही.

तिला आजच्या आज सांगा. ती वकिलाशी बोलेल, त्या लोकांना स्वतःहून कळवेल, काहीतरी करेल. निकाल यायच्या आधी सांगितलेलं आणि नंतर सांगितलेलं यात फार फरक पडतो. उरलेल्या पुड्या असतील तर फेकू नका. तिचा नंबर द्या.

तिच्या हातातला दोरा अंधश्रद्धा, आणि तुमची पुडी काय?

ईशिता


लेस्टर, ११ मे

ईशिता,

काकूबद्दल तू लिहिलंस ते मी एकदाच वाचलं. पुन्हा वाचायची हिंमत झाली नाही.

फाला अजून सांगितलेलं नाही. तीन पत्रं तुला लिहून फाडली, कारण प्रत्येकात 'सांगितलं' असं लिहिलं होतं. गुरुवारी सांगणार होतो, तर ती आईशी व्हिडिओवर बोलत होती, आणि आईनं मला हात जोडले. माझ्या मुलीला सांभाळलंत, असं काहीतरी म्हणाली असावी. शुक्रवारी ठरवलं, तर फाच म्हणाली की यादीत दोनशे एकोणतीस, आता एकच स्पर्धा उरली. येत्या गुरुवारी तिचा पहिला सामना. त्यात दोन मॅच जिंकली तर आत.

दाराच्या फटीतून पत्र पडलं की मी धावतो. निकाल पोस्टानं येत नाही हे मला कळतं, तरी तिच्या आधी मी खाली उतरतो. जेवण जात नाही. काल तिनंच माझ्यासाठी भात टाकला. डाव्या हातानं भांडं उचलत होती. त्यांच्याकडे तशी पद्धत असावी.

उद्या बुद्धपौर्णिमा. विहारात पंचशील मी देतो, तुला माहीत आहे. सत्तर माणसं माझ्यामागून म्हणतात. आज घरी सराव करत होतो. तीन शीलं म्हटली, आणि चौथं, खोटं न बोलण्याचं, म्हणवेना. पाच वर्षांचा होतो तेव्हापासून म्हणतोय. ती सोफ्यावर बसून ऐकत होती. तिला वाटलं मी विसरलो, म्हणून तिनंच पुढे म्हटलं, त्यांच्या चालीवर.

उद्या वंदना झाली की सांगतो. सांगितल्याशिवाय तुला दुसरं पत्र लिहिणार नाही.

काका


लेस्टर, १३ मे
सकाळी, उद्या पोहोचणाऱ्या टपालानं

ईशिता,

सांगितलं.

काल विहारातून आलो, चहा केला, तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पुडीत काय असू शकतं, बंदी किती वर्षांची, काकूचा चेहरा, सगळं. हात जोडून म्हटलं, पोरी, तुझं नुकसान माझ्या हातून झालं. चुकून नव्हे, शहाणपणानं झालं. मी जे माहीत होतं ते विसरलो आणि जे माहीत नव्हतं ते तुला चारलं.

तिनं कप खाली ठेवला. मग वर गेली आणि बुटांचं खोकं घेऊन आली. झाकण काढलं. आत चौदा पुड्या. जशा मी दिल्या तशाच, घडीसुद्धा उलगडलेली नाही. त्यांच्यावर विहारातून आणलेलं एक फूल ठेवलेलं.

म्हणाली, "काका, अकरा वर्षांत मी दुसऱ्यानं उघडलेल्या बाटलीतलं पाणीसुद्धा प्यायलेलं नाही. फक्त मध खाल्ला."

मी रडलो गं. लहान मुलासारखा. तिच्या खुर्चीला धरून रडलो. फॉर्म खरा होता, बाटली स्वच्छ होती, पोर वाचली. पाच दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. मी उठलो, तवा ठेवला, पिठाचा डबा काढला, आणि पीठ मळता मळता हात थांबले.

मी विचारलं, "मग दुखणं कशानं गेलं?"

ती खोक्याचं झाकण लावत होती, डाव्या हातानं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा हळूच म्हणाली, "बरं आहे, काका."

मी किटली भरून तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, उजव्या हातानं उचल. तिनं उचलली, आणि बोटभर उंचीवरूनच खाली ठेवली. ओठ पांढरे झाले होते.

ईशिता, ते गेलंच नव्हतं. एक दिवसही नाही. तुझ्या बंदीच्या भीतीनं मी पाच दिवस होरपळलो, आणि खरी भीती माझ्या स्वयंपाकघरात भात टाकत होती. परवा तिची मॅच आहे. ती खेळणार म्हणते. नंबर खाली लिहिला आहे. पण फोन नको करूस. तू ये.

काका


साउथहॅम्प्टन, १ जून

प्रिय काका, जय भीम.

तुमच्याकडून परतल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. समोर असताना काही गोष्टी बोलता आल्या नाहीत.

स्कॅन तुम्ही पाहिलाच. आतली चकती फाटली आहे आणि फट रुंद झाली आहे. एप्रिलमध्ये आली असती तर कदाचित पट्टी आणि विश्रांतीवर भागलं असतं. कदाचित. हे तुम्हाला बोचावं म्हणून लिहीत नाही. पण तुम्ही विचारलंत तेव्हा मी "सांगता येत नाही" म्हणाले, आणि ते अर्धवट खरं होतं. आपल्या घरात आता अर्धवट खरं नको.

माझंही ऐका. सहा तारखेचं माझं पत्र काढून बघा. पानभर बंदी, स्टेरॉइड, वकील. तिचा हात कसा आहे, ही एक ओळही त्यात नाही. फिजिओ म्हणवते मी स्वतःला! दुखणं इतक्यात जात नाही असं मीच लिहिलं होतं, आणि पुडीचं नाव ऐकल्यावर मीही धरून चालले की गेलं.

त्या गुरुवारी सकाळी तुम्ही गाडीत थांबलात आणि आम्ही दोघी क्लबात गेलो. दाराशी तिनं मला एकच विचारलं, "दोनच मॅच. नाही चालणार?" मी म्हटलं, चालेलही. इंजेक्शन घेऊन खेळताही येईल. पण नंतर हा हात वळेल की नाही, ते कुणी सांगू शकणार नाही. ती बाकावर बसली. आतून चेंडूंचे आवाज येत होते. पाच मिनिटं असतील, मला तासभर वाटली. मग उठून आत गेली आणि नाव मागे घेतलं. सही डाव्या हातानं केली, वेडीवाकडी. मी रडत होते, ती नाही.

यादी दोनशे चोवीसवर संपली. तिचा नंबर दोनशे एकतीस.

मी तिला विचारलं, पहिल्याच दिवशी काकांना 'नाही' का म्हटलं नाहीस? म्हणाली, घरच्या मोठ्या माणसाच्या हातातलं परत कसं करायचं? आणि रोज सकाळी ते जिन्याखाली उभे राहायचे. मी 'बरं आहे' म्हटलं की काकूंच्या फोटोकडे वळून सांगायचे, "बघ, हिलाही गुण आला." त्यांचं मन मला मोडवेना.

पुड्यांचं खोकं माझ्याकडे आहे. माझ्या ओळखीत एक जण तपासून देईल. तुम्ही म्हणाल तर देते, नाहीतर नाही. उत्तर काहीही आलं तरी काकू परत येणार नाही.

तुमची,
ईशिता


लेस्टर, २४ जून

ईशिता बेटा, जय भीम.

पुड्या तपासायला दे. आणि जे निघेल ते जसंच्या तसं कळव. लॅबमध्ये मी कधी कुणाचा रिपोर्ट गोड करून दिला नाही, माझाही देऊ नकोस.

दुसरी बातमी, कानात यंत्र बसवलं. हसू नकोस. फ्रिज इतका आवाज करतो हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. मोबाइलही ड्रॉवरबाहेर आला आहे. तरी तुला पत्रच लिहीन, सवय झाली.

काल विंबल्डनची पात्रता फेरी सुरू झाली. मी टीव्ही लावला नाही. दुपारी विहाराची झाडलोट केली, वरच्या खोलीच्या चादरी बदलल्या. तिच्या बॅगेचा एक बंद राहिला आहे, तो खुंटीला तसाच आहे. आणि तिनं जाताना सोडून माझ्या हाताला बांधलेला तो पांढरा दोरा. तू विचारायच्या आधीच सांगतो, काढलेला नाही. मंतरलेला आहे म्हणून नव्हे. तिनं बांधला म्हणून.

चारच्या सुमाराला फोन वाजला. बँकॉकहून तीच. ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले. सहा महिने रॅकेट नाही. पुढे खेळता येईल का, डॉक्टर आत्ताच काही सांगत नाहीत. हॉटेलवाल्यांनी नोकरी ठेवली आहे. ती अजून हो म्हणालेली नाही.

मी विचारलं, "हात कसा आहे?"

पलीकडे बराच वेळ शांतता. पूर्वी वाटलं असतं, मलाच ऐकू येत नाही. पण आता यंत्र होतं, मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी वाट बघत राहिलो. मला वाटलं, आता ती तेच म्हणणार.

"दुखतंय, काका," ती म्हणाली. हा शब्द मी तिला शिकवला नव्हता, तूच शिकवला असशील. "खूप दुखतंय."

मी काही सुचवलं नाही बेटा. शेक नाही, लेप नाही, धीर नाही. खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, कुठे दुखतं ते सांग. आणि ती सांगत राहिली.

तुझा काका,
शशिधर